निर्मनुष्य सेंट किल्डा: एक्स्पिडिशन क्रूझने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगोत राहत असल्यामुळे आणि सेंट किल्डाच्या तीन वाऱ्या केल्यामुळे, जानेवारी उलटला की माझ्याकडे ठाणे, पुणे, दुबई, न्यू जर्सी असे चारही दिशांनी तेच प्रश्न यायला लागतात. दरवेळी नव्याने लिहिण्यापेक्षा उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. तीन वाऱ्यांपैकी दोनदाच बेटावर पाय टेकले, हे आधीच सांगतो. निम्म्या उत्तरांचं मूळ त्यातच आहे.

१. सेंट किल्डा म्हणजे मेलबर्नचा तो समुद्रकिनारा का? गुगलवर तेच येतं.

नाही. मेलबर्नच्या उपनगराला ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ नावाच्या शिडाच्या जहाजावरून नाव मिळालं आणि त्या जहाजाला या बेटांवरून. मूळ सेंट किल्डा स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिक महासागरात आहे. आउटर हेब्रिडीज द्वीपमाळेतल्या बेनबेक्युला बेटापासूनही आणखी सुमारे ६५ किलोमीटर पश्चिमेला. हिर्टा, सोए, बोरेरे आणि डून ही चार बेटं आणि समुद्रातून सरळ वर आलेले काही सुळके मिळून हा द्वीपसमूह होतो. वस्ती होती ती फक्त हिर्टावर, आणि क्रूझची माणसं उतरतात तीही तिथेच. नावात ‘सेंट’ असलं तरी किल्डा नावाचा कुणी संत कधी झालाच नाही. जुन्या नकाशांच्या नकला होता होता कुठेतरी हा संत जन्माला आला असावा.

२. निर्मनुष्य म्हणतात, मग फोटोंत नव्या इमारती आणि गाड्या कशा दिसतात?

कारण १९५७ पासून हिर्टावर लष्कराचं रडार केंद्र आहे. बेनबेक्युलाच्या बाजूने डागलेल्या क्षेपणास्त्रांचा माग इथून ठेवतात. ते चालवणारे कर्मचारी पाळीपाळीने येतात. शिवाय बेटाची मालकी असलेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचे रेंजर उन्हाळ्यात इथे राहतात आणि मेंढ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही येऊन-जाऊन असतात. पण हे बेट ‘माझं गाव’ म्हणणारं कुणी १९३० नंतर इथे राहिलेलं नाही. निर्मनुष्य म्हणतात ते या अर्थाने. जेटीवर उतरल्यावर पहिल्यांदा जनरेटरची घरघर कानावर पडली की हिरमुसू नका. शंभर पावलं चाललात की वारा आणि मेंढ्या एवढंच उरतं.

३. इतके पैसे भरलेत. बेटावर उतरायला मिळेलच ना?

मिळेलच असं नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं उत्तरही हेच.

हिर्टावर बंदर नाही. व्हिलेज बे नावाचा एक उपसागर आहे, त्यात जहाज नांगर टाकतं आणि रबरी होड्यांनी माणसं एका छोट्या जेटीवर उतरवतात. हा उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे. नेहमीचा पश्चिमेचा वारा असेल तर डोंगर आडोसा देतात आणि पाणी बऱ्यापैकी शांत राहतं. पण वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून आला की लाटा थेट जेटीवर येऊन आपटतात. वर लख्ख ऊन आणि खाली होडी हातभर वरखाली, असंही होतं. निर्णय कॅप्टन आणि मोहीमप्रमुख मिळून घेतात, कधीकधी अगदी होडी पाण्यात सोडल्यावर. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाजापाशी हिंदकळणाऱ्या होडीतून पायरीवर उडी मारली असेल तर अंदाज येईल. फक्त इथे पाणी दहा-बारा अंशांचं असतं आणि मागे अख्खा अटलांटिक.

माझ्या पहिल्या वारीत आम्ही दोन दिवस बेटाभोवती घिरट्या घातल्या आणि एकालाही उतरता आलं नाही. जहाजावर एक गृहस्थ भरपाई मागत होते. कराराच्या कागदावर ‘मार्ग हवामानानुसार बदलू शकतो’ हे ठळक छापलेलं होतं. सगळ्या कंपन्या छापतात. तेव्हा पुस्तिकेत ‘सेंट किल्डा’ लिहिलंय याचा अर्थ ‘प्रयत्न करू’ असाच घ्या. उतरता आलं नाही तर काय, ते प्रश्न २१ मध्ये आहे.

४. एक्स्पिडिशन क्रूझ आणि साधी क्रूझ यांत फरक काय?

साध्या क्रूझच्या जहाजावर हजारो माणसं असतात, ते धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी नाचगाणी असतात. एक्स्पिडिशनचं जहाज छोटं असतं. दहा-बारा प्रवाशांपासून दोनशे-अडीचशेपर्यंत. रबरी होड्या जहाजावरच असतात, सोबत पक्षितज्ज्ञ, इतिहासाचे जाणकार असतात आणि संध्याकाळी व्याख्यान. उत्तर बरोबर दिलं की चॉकलेट, असलाही प्रकार चालतो. कॅसिनो शोधत असाल तर हे जहाज तुमचं नव्हे. बुक करताना प्रवासीसंख्या जरूर विचारा, कारण मोठ्या जहाजावर गट पाडून पाळीपाळीने उतरवतात आणि तुमच्या वाट्याचा वेळ कमी होतो.

५. क्रूझच घ्यायला हवी का? एका दिवसात जाऊन येता येत नाही?

येतं. हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्ग गावातून उन्हाळ्यात वेगवान बोटी सुटतात. जायला साधारण तीन तास, यायला तितकेच, आणि मध्ये काही तास बेटावर. खर्च क्रूझच्या मानाने फारच कमी. पण हॅरिसपर्यंत पोचणंच एक प्रवास आहे, आणि हवा बिघडली की ती बोट सुटतच नाही, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवावे लागतात. पोट आणि पाठ दणकट असेल आणि वेळ असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. आई-वडील सोबत असतील तर क्रूझ बरी. निजायला पलंग असतो आणि डॉक्टरही.

६. कोणत्या महिन्यात जावं?

मे ते ऑगस्ट. पफिन पक्षी बघायचे असतील तर जुलै संपायच्या आत, कारण ऑगस्ट लागला की ते समुद्रावर निघून जातात आणि मग ‘फोटोतला तो रंगीत चोचीचा कुठाय?’ असं विचारत फिरावं लागतं. गॅनेट हे मोठे पांढरे समुद्री पक्षी मात्र सप्टेंबरपर्यंत भेटतात. जूनमध्ये रात्री साडेदहा-अकरापर्यंत उजेड असतो. आपल्याकडच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी बरोबर जुळते, हे खरं, पण मेच्या सुरुवातीला तिथे गारठा अगदी खणखणीत असतो.

७. भारतीय पासपोर्टवर कोणता व्हिसा लागतो? बेटासाठी वेगळी परवानगी असते का?

ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग व्हीएफएस केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. निर्णय सहसा तीन आठवड्यांत येतो, पण उन्हाळ्याच्या गर्दीत हातात दोन महिने ठेवा. बेटासाठी प्रवाशाला वेगळा व्हिसा लागत नाही. ट्रस्टकडे नोंद वगैरे जहाजाची कंपनी करते.

८. आमचं जहाज स्कॉटलंडहून फेरो बेटं करून आइसलंडला जातं. शेंगेन व्हिसा घेतलाय, पुरे ना?

इथेच माणसं अडकतात. आइसलंडला शेंगेन चालतो. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये येत नाहीत. त्यामुळे फेरोसाठी वैध अशी स्पष्ट नोंद व्हिसावर असावी लागते, आणि ती अर्ज करतानाच मागावी लागते. ब्रिटनचा व्हिसा तर हवाच, कारण सुरुवात तिथून आहे. मार्गात आयर्लंडचं बंदर असेल तर तो तिसराच देश. कंपनीकडून बंदरांची पूर्ण यादी लेखी घ्या, पर्यायी बंदरांसकट, आणि ती समोर ठेवूनच अर्ज भरा.

९. आम्ही अमेरिकेत राहतो. मग व्हिसा लागतो का?

पासपोर्ट कुणाचा, यावर आहे. अमेरिकन पासपोर्ट असेल तर व्हिसा नको, पण निघण्यापूर्वी ईटीए ही ऑनलाइन परवानगी काढावी लागते. पासपोर्ट भारतीय आणि हातात ग्रीन कार्ड असेल तर ग्रीन कार्डचा इथे उपयोग नाही. प्रश्न ७ प्रमाणेच व्हिसा घ्या. एकाच घरात नवऱ्याला ईटीए आणि बायकोला व्हिसा, अशी वेळ पुष्कळांवर येते.

१०. आईचं वय ७१ आहे, गुडघे दुखतात. रबरी होडीत चढणं-उतरणं जमेल का?

वयाची अट सहसा नसते. प्रश्न गुडघ्यांपेक्षा तोल सांभाळण्याचा आहे. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून खाली यायचं, होडी लाटेबरोबर वर आली की खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकायचं. हात देताना बोटं धरायची नाहीत, एकमेकांचं मनगटाच्या वरचं कोपरापर्यंतचं हाड धरायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पर्स नको, पाठीवरची पिशवी हवी. हिर्टाच्या जेटीवर शेवाळ असतं आणि ओहोटीला पायरी उंच पडते.

आईंना घरी एक चाचणी घ्यायला सांगा. कुणाचा हात न धरता बसच्या उंच पायरीवर चढता-उतरता येत असेल तर बहुधा जमेल. एकदा उतरल्या की गावातून चालणं गवतावरून आणि मातीच्या वाटेवरून आहे, हळूहळू होतं. आणि नाहीच जमलं, तर डेकवर शाल पांघरून कॉफी घेत बेट बघणं हा कमीपणा नाही. माझी मावशी तशीच बसली होती, आणि व्हेल दिसला तो तिलाच.

११. बोट लागते मला. काय करू?

गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, आदल्या रात्री घ्यायची. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा इतर औषधं सुरू असतील तर. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली घ्या, ती सगळ्यात कमी हलते आणि बहुधा सगळ्यात स्वस्तही असते. आलेपाक आणि आवळासुपारी सोबत ठेवा. त्याने समुद्र शांत होत नाही, पण तोंडाला चव राहते.

१२. कपडे काय न्यावेत? साडीत चालेल का?

साडीत नाही. पायात काही घोटाळलं तर होडीत चढताना जिवावर बेतेल. उन्हाळ्यातही तपमान १० ते १५ अंशांच्या आसपास आणि वर वारा. आत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, वर स्वेटर, त्यावर पाणी आत न जाणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बऱ्याच कंपन्या जहाजावर देतात, विचारून घ्या. छत्री घरी ठेवा. तिथला वारा छत्री एकदाच उघडू देतो.

१३. शाकाहारी जेवण मिळतं का? चिवडा, लाडू बेटावर नेता येतील?

जहाजावर शाकाहारी मिळतं. जैन जेवण हवं असेल, किंवा कांदा-लसूण नको असेल, तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. समुद्रात गेल्यावर वाणसामान आणायला दुकान नसतं. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलं तर अंडं येऊ शकतं, तेही वेगळं लिहा.

चिवडा जहाजावर खुशाल खा. बेटावर मात्र एक्स्पिडिशन क्रूझवाले पाण्याखेरीज काही नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. का, ते पुढच्याच प्रश्नात.

१४. उतरण्याआधी खिसे, बॅगा, बूट तपासतात म्हणे. आपण काय चोर आहोत?

तुमच्यावर संशय नाही, तुमच्या वेल्क्रोवर आहे. जॅकेटच्या वेल्क्रोत, बुटांच्या खाचांत, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या शिवणीत बिया अडकून येतात. म्हणून जहाजावर व्हॅक्यूमने कपडे साफ करतात, सुईने बुटांतली माती काढतात आणि उतरताना-परतताना बूट जंतुनाशकात बुडवायला लावतात. बर्ड फ्लूच्या साथीनंतर बुटांचा नियम फारच कडक झालाय. २०२२ साली स्कॉटलंडच्या समुद्री पक्ष्यांत ही साथ पसरली आणि सेंट किल्डाच्या गॅनेट आणि ग्रेट स्कुआ या पक्ष्यांनाही तिचा मोठा फटका बसला.

पण खरी भीती उंदराची. सेंट किल्डावर जहाजी उंदीर नाहीत. इथले पक्षी जमिनीवर आणि बिळांत अंडी घालतात. एक गाभण उंदरीण किनाऱ्याला लागली तर काही वर्षांत वसाहतींचा फडशा पडेल. याच भागातल्या शायंट बेटांवरून उंदीर काढायला मोठी मोहीम राबवावी लागली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ती बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली. म्हणून पिशव्या पूर्ण उलट्या करून दाखवाव्या लागतात. कुत्रा तर आणताच येत नाही.

१५. बेटावर किती वेळ मिळतो आणि त्यात काय बघावं?

साधारण दोन ते चार तास. सगळं बघायला धावाल तर काहीच बघणार नाही, म्हणून माझा क्रम सांगतो.

पहिला अर्धा तास गावात. १८६० च्या दशकात बांधलेली सोळा घरं एका ओळीत, समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. त्यांच्या मधूनमधून त्याआधीची, जाड भिंतींची काळी घरं. एका घरात छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. १८२० च्या दशकातलं चर्च आणि त्याला पुढे जोडलेली शाळेची एकच खोली जवळच आहे. बाकं आणि फळा बघून आपल्याकडची वाडीवरची एकशिक्षकी शाळा आठवते.

मग मान वर करून डोंगर बघा. उतारभर दगडी बुटक्या खोल्या विखुरलेल्या दिसतील, डोक्यावर गवताची टोपी घातलेल्या. त्यांना क्लीट म्हणतात. सगळ्या बेटांवर मिळून चौदाशेच्या वर आहेत. दगड नुसते रचलेले, चुना-माती नाही. फटींतून वारा खेळतो, वरच्या गवतामुळे पाऊस आत येत नाही. खारवायला पुरेसं मीठ नसलेल्या या लोकांनी पक्ष्यांचं मांस, अंडी, पिसं, वाळलेलं गवत, इंधनाची ढेकळं, सगळं याच वाऱ्यावर सुकवलं आणि साठवलं. मला विचाराल तर सेंट किल्डाची खरी अक्कल या क्लीटमध्ये आहे, आणि बहुतेक प्रवासी त्यांना ‘दगडांचे ढीग’ समजून पुढे जातात.

पाय चालत असतील तर शेवटी ‘गॅप’ नावाच्या खिंडीत चढून जा. चढण दमवते. वर पोचलात की पुढे जमीनच नाही, एकदम कडा आणि खाली समुद्र. शेजारचा कॉनाचर ४३० मीटर उंच आहे आणि त्याचा कडा ब्रिटनमधल्या समुद्रकड्यांत सर्वात उंच. काठापासून लांब बसा. गवत ओलं असतं आणि वारा झटक्याने येतो.

१६. लोक बेट सोडून का गेले?

एका कारणाने नाही. १६९७ मध्ये इथे सुमारे १८० माणसं होती. ती पक्ष्यांवर जगत, दोरावरून कडे उतरून फुलमार आणि गॅनेट पकडत, आणि जमीनमालक मॅक्लाउडला खंड म्हणून पिसं, तेल, कापड देत. पैसा नव्हता. रोज सकाळी पुरुष रस्त्यावर जमून आजचं काम काय ते ठरवत. याला गमतीने ‘पार्लमेंट’ म्हणत. पण ते आपल्या पारासारखंच, कधीकधी बोलण्यातच दिवस जाई.

१८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यांतले बरेच वाटेतच दगावले. मागे राहिलेल्यांत जन्मलेली पुष्कळशी बाळं आठवड्याभरात धनुर्वाताने जात. १८९० च्या दशकात अँगस फिडिस या धर्मगुरूने ग्लासगोहून स्वच्छ बाळंतपणाचं शिक्षण आणून ते थांबवलं, पण तोवर पिढ्या विरळ झाल्या होत्या. पहिल्या महायुद्धात नौदलाची तुकडी आली, तिच्याबरोबर नियमित टपाल आणि बाहेरचं अन्न आलं. युद्ध संपलं आणि तेही संपलं. तरुण त्यानंतर थांबेनात. १९२१ मध्ये ७३ माणसं होती, १९३० मध्ये ३६. होडी वल्हवायला आणि कड्यावर दोर धरायला हात पुरेनात. मे १९३० मध्ये त्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या.

२९ ऑगस्ट १९३० रोजी ‘हेअरबेल’ हे नौदलाचं जहाज त्यांना घेऊन गेलं. गुरं-मेंढ्या आधीच हलवल्या होत्या. कुत्र्यांना दगड बांधून उपसागरात बुडवलं. घरात एक उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवून दारं लावून घेतली, असं सांगतात. आपण घर सोडताना देवापाशी दिवा लावून निघतो, त्यातलंच हे. पुढे काही पुरुषांना मुख्य भूमीवर वनखात्यात नोकरी मिळाली. ज्या बेटावर एकही झाड नाही तिथल्या माणसांना! त्या दिवशी आठ वर्षांची असलेली रेचल जॉन्सन २०१६ मध्ये गेली. तिथे जन्मलेल्यांपैकी हयात असलेली ती शेवटची व्यक्ती.

१७. पर्यटकांमुळे बेट उजाड झालं, असं वाचलं. मग आपणही जाऊ नये का?

पर्यटकांमुळेच, असं म्हणणं अति होईल. कारणं वरच्या उत्तरात आहेत. पण पर्यटक साळसूद नव्हते. १८३४ मध्ये पहिली आगबोट इथे आली आणि १८७७ पासून उन्हाळ्यात नियमित येऊ लागल्या. लोक माणसांकडे प्राणिसंग्रहालयात बघावं तसं बघत, पैसे फेकत, मोजे आणि कापड विकत घेत. बोट येऊन गेली की गावभर खोकला पसरे, त्याला बेटकरी ‘बोटीचा खोकला’ म्हणत. स्वतःच्या हातावर जगणारी माणसं हळूहळू पुढच्या बोटीची वाट बघायला लागली.

आज तिथे बिघडवायला माणसं नाहीत, पण पक्षी आहेत, भिंती आहेत आणि कबरी आहेत. जावं. आवाज खाली ठेवून जावं.

१८. तिथले पक्षी डोक्यावर हल्ला करतात, खरं आहे का?

ग्रेट स्कुआ करतो. स्थानिक नाव बाँक्सी. तुम्ही त्याच्या घरट्याकडे सरकलात की मागून येऊन पंखाने किंवा पायाने टपली मारतो. काठी किंवा हात डोक्याच्या वर सरळ धरा, तो सर्वात उंच टोकावर झेपावतो. आणि मागे फिरा, कारण चूक तुमची आहे. फुलमारच्या पिलाजवळ गेलात तर ते पोटातलं तेल थुंकतं. तो वास जॅकेटमधून जात नाही. मी जॅकेट टाकून दिलं.

बघायला मात्र सेंट किल्डाचा रेन शोधा, शेपूट उभारून दगडांत फिरणारा अंगठ्याएवढा पक्षी. ही उपजात जगात फक्त इथेच आहे. इथला रानउंदीरही तसाच, मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा थोराड. प्रश्न १४ मधला जहाजी उंदीर वेगळा, गोंधळ नको. माणसांच्या घरात राहणारा तिसरा एक उंदीर होता. माणसं गेली आणि थोड्याच वर्षांत तोही संपला.

१९. वाटेत मेंढी आजारी किंवा मेलेली दिसली. कुणाला सांगायचं?

कुणालाच नाही. या सोए जातीच्या मेंढ्या पाळीव नाहीत. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या इथे आणून सोडल्या, तेव्हापासून त्यांना कुणी चारत नाही, कातरत नाही. लोकर आपसूक गळते, म्हणून उन्हाळ्यात त्या फाटक्या गोधडीसारख्या दिसतात. १९८५ पासून शास्त्रज्ञ एकेका मेंढीची नोंद ठेवतात, कानातली खूण त्यासाठीच. कडक हिवाळ्यात बऱ्याच मरतात, पुढे पुन्हा वाढतात. पाणी पाजायला, कोकरू उचलायला जाऊ नका. तुमच्या दयेने त्या अभ्यासात खोट येते.

२०. ड्रोन, आठवणीचा दगड, भिंतीवर बसून फोटो, एवढं तरी चालेल ना?

ड्रोन परवानगीशिवाय नाही. पक्षी उधळतात, आणि शेजारी लष्कर आहे. दगड, पीस, लोकरीचा पुंजका, काहीही उचलायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे विमानं कोसळली, त्यांचे तुकडे डोंगरात अजून आहेत आणि त्यांत माणसं गेलेली आहेत. हात लावू नका. क्लीटवर किंवा घराच्या भिंतीवर चढायचं, बसायचं नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एका जोडप्याला भिंतीवर बसून फोटो हवा होता. रेंजरबाईंनी गोड शब्दांत उतरवलं. त्यांनी मग भिंतीसमोर उभं राहून काढला, तोच जास्त चांगला आला. कबरस्तानात जाता येतं. तिथे पोज देऊ नका.

२१. उतरता आलं नाही तर पैसे वाया गेले का? आणि बोरेरेवर तरी उतरता येतं का?

बोरेरेवर पर्यटकांना उतरवत नाहीत, पण जहाज त्याच्या अंगावरून जातं, आणि माझ्या मते सेंट किल्डातलं सगळ्यात थरारक दृश्य तेच. बोरेरेला लागून स्टॅक ली हा १७२ मीटरचा आणि स्टॅक अन आर्मिन हा १९६ मीटरचा सुळका. दुरून ते बर्फाने पांढरे वाटतात. जवळ गेलं की पांढरेपणा हलायला लागतो. हजारो गॅनेट, आणि विष्ठेचा वास. सुमारे सहा फुटी पंखांचे पक्षी पंख मिटून भाल्यासारखे पाण्यात घुसतात. न उतरलेल्या वारीत आम्ही दोन तास हेच बघत होतो आणि भरपाईवाले गृहस्थही गप्प होते.

ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक, पेंग्विनसारखा न उडणारा मोठा पक्षी, १८४० च्या सुमारास याच स्टॅक अन आर्मिनवर मारला गेला. वादळ आणणारी चेटकीण समजून.

सेंट किल्डा हुकलंच तर कॅप्टन बहुधा १९१२ मध्ये उजाड झालेलं मिंग्युले, प्रश्न १४ मधली शायंट किंवा १९०० मध्ये दीपगृहाचे तीन रखवालदार नाहीसे झालेली फ्लॅनन बेटं गाठायचा प्रयत्न करतो.

२२. शौचालय, मोबाइल, दवाखाना?

शौचालय गावात आहे, तरी जहाजावरूनच जाऊन या. उघड्यावर कुठेही नाही. मोबाइलवर विसंबू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नागपूरहून सासूबाई जहाजाच्या कंपनीला फोन लावतात. डॉक्टर जहाजावर असतो, मोठं काही झालं तर तटरक्षकांचं हेलिकॉप्टर स्टॉर्नोवेहून येतं, तेही हवा असेल तर. विम्यात ‘दुर्गम भागातून वैद्यकीय सुटका’ आणि आधीपासूनचे आजार दोन्ही लेखी आहेत ना, बघा. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं चार दिवस जास्तीची घ्या.

२३. आम्ही बेटावर असताना हवा फिरली आणि जहाजावर परत जाताच आलं नाही तर?

क्वचित, पण तयारी असते. प्रवासी उतरण्याआधी गाइड मंडळी तंबू, गरम पांघरुणं, अन्न-पाणी असं आणीबाणीचं सामान किनाऱ्यावर आणून ठेवतात, आणि वारा वळतोय असं दिसताच सगळ्यांना वेळेआधी बोलावतात. गाइड ‘आता’ म्हणाला की फोटो अर्धा सोडून जेटीकडे चालू लागा. मागे थांबलेल्या एकासाठी चाळीस जण लाटेत ताटकळतात.

या जागी अडकण्याचा विक्रम तुमच्याकडून मोडायचा नाही. ऑगस्ट १७२७ मध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडायला स्टॅक अन आर्मिनवर उतरले. मागे गावात देवीची साथ आली आणि त्यांना आणायला जाण्याइतकी माणसंच उरली नाहीत. त्या सुळक्यावर त्यांनी अख्खा हिवाळा पक्षी, अंडी आणि मासे खाऊन काढला. मे १७२८ मध्ये मॅक्लाउडचा माणूस खंड वसूल करायला आला, तेव्हा त्यांची सुटका झाली. अकराही जण जिवंत होते.